पिंजऱ्यातल्या बाळंतिणी

उंदरांच्या खोलीत काम करते म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात. आमच्याकडं सुरुवातीला पिल्लं कमी आणि किस्सेच जास्त जमले, त्यामुळं मला सांगायला कधी कमी पडत नाही.

मी नांदेडची. पीएचडीसाठी लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात आले. प्रयोगाला लागणारे पांढरे उंदीर आपणच वाढवायचे, असं माझ्या गाईड कांबळे मॅडमनी ठरवलं होतं. प्राचार्यांची अट एकच. दिवाळीपर्यंत पिल्लं जगताना दिसली नाहीत तर खोली बंद, उंदीर हैदराबादहून मागवायचे. खोली बंद म्हणजे उंदरांची देखभाल करणाऱ्या गंगाधरमामांचं कामही बंद. मामा औशाहून रोज एसटीनं यायचे. याआधी त्यांनी फक्त शेळ्या पाळल्या होत्या.

*

पहिली जोडी मी स्वतः लावली. रजिस्टरमध्ये तारीख टाकली. तीन आठवड्यांत पिल्लं व्हायला हवी होती, सहा झाले तरी काही नाही. मी खुराक बदलला, व्हिटॅमिन दिलं, मॅडमना दोन पानी रिपोर्ट दिला.

मामांनी दोन्ही उंदीर शेपटीला धरून उचलले, खालून बघितलं आणि हळूच परत ठेवले.

"ताई, रागावू नका. ह्या दोघी बी बायाच हायत."

रिपोर्ट मी मॅडमकडून परत मागून घेतला.

*

मग खरंच पिल्लं झाली. आठ, गुलाबी, शेंगदाण्याएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात एकही नव्हतं. आईनंच खाल्ली होती. मी तिथंच स्टुलावर बसून रडले.

मामांनी पिंजऱ्यांच्या रॅकवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. भिंतीपलीकडं पाण्याची मोटर सुरू झाली तसा त्यांनी माझाही हात ओढून रॅकवर ठेवला. लोखंड थरथरत होतं.

"हे दिवसभर चालू राहिलंय," ते म्हणाले. "आन् तुमी काल चारदा झाकण उघडून मोजलात. बाळंतीण भ्याली."

त्याच दिवशी आम्ही रॅक दुसऱ्या भिंतीला नेला. पिंजऱ्यात फाडलेला टिश्यू पेपर टाकला आणि पिल्लं झाल्यावर मी तीन दिवस मोजायचं नाही असं ठरलं. त्या तीन दिवसांत मी नखं खाल्ली, पण पुढच्या वेळची सात पिल्लं जगली.

*

तरी बाकीच्या माद्या गाभण राहीनात. खोली तर मामा रोज फिनेलनं आरशासारखी लख्ख करायचे. मॅडम आल्या, दारातच थांबल्या आणि वास घेतला.

"मामा, या माद्यांना नराचा वास यायला पाहिजे, फिनेलचा नाही. सफाई जरा कमी करा. आणि नराच्या पिंजऱ्यातला जुना भुसा मूठभर यांच्याकडं टाका."

मामा हातातलं फडकं बघत राहिले. "मॅडम, जन्मात पहिल्यांदा कुणी मला असं म्हणलं."

महिन्याभरात पाच माद्या व्याल्या. दिवाळीच्या आधी प्राचार्य येऊन गेले. दारातून डोकावले आणि "इतके कशाला?" एवढंच विचारलं. मामा त्या दिवशी एसटी स्टँडवरून पेढे घेऊन आले.

*

त्यानंतरची गोष्ट. एक मादी व्याल्यानंतर तिसऱ्या दिवशी मेली. मागं सहा पिल्लं. शेजारच्या पिंजऱ्यात दुसरी मादी आदल्या दिवशी व्याली होती, तिची चार.

मॅडम म्हणाल्या, "ही सहा तिच्याच भुशात चोळून ठेवा, म्हणजे वास तिचा लागेल. घेतली तर घेतली."

मामांनी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन चोळलं आणि तिच्या चारांच्या मधे ठेवलं. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. मादी आली, हुंगलं, एक पिल्लू तोंडात धरलं. तिनं ते उचलून घरट्याच्या मधोमध ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी सगळ्यांवर पसरून बसली.

रजिस्टरमध्ये मी नोंद केली. मग पिंजऱ्यावर लावायच्या चिठ्ठीवर लिहायला घेतलं, "स्वतःची चार, दुसरीची सहा."

मामांनी माझ्या हातातला पेन धरला.

"रजिस्टरात काय लिहायचं ते लिवा. हितं दहा लिवा."

"का हो मामा?"

"तिला वाचता आलं तर?"