आखातातला फोन, भोरचा नंबर

एवढी वर्षं झाली, पण ती घटना मनातून उतरत नाही. मोबाईल अजून गावोगाव पोचले नव्हते. मी तेव्हा भोर पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपली तेवढ्यात मार्गासनीची एक बाई सासऱ्यांसोबत आली. नवरा आखातातल्या एका छोट्या देशात वायरमन. घरच्या फोनला तिनं नुकतीच नंबर दाखवणारी डबी जोडून घेतली होती.

"साहेब, ते म्हणत्यात तिकडनं बोलतोय. डबीवर नंबर भोरचा येतोय. हितंच दुसरं घर केलंय त्यांनी."

सासरे खाली मान घालून म्हणाले, "गावात समद्यांना कळलंय. तोंड दावायला जागा न्हाई."

तक्रार नोंदवून घेतली. दूरध्वनी खात्यात चौकशी केली, तर नंबर बाजारपेठेतल्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीचा निघाला. एवढ्याशा खोलीत फोनच्या डझनभर जोडण्या! दुसरं घर करणाऱ्याला इतके फोन कशाला लागतील?

नवरा शुक्रवारी दुपारी फोन करायचा. त्या वेळी एक महिला शिपाई बाईच्या घरी बसवली आणि आम्ही पंचांसह खोलीवर गेलो. आत ना अंथरूण, ना चूल. एक संगणक, वायरींचा गुंता आणि तिशीतला एक तरुण. दूरध्वनी खात्याच्या माणसानं डबीवर दिसलेल्या नंबरची वायर उपसली. तिकडे मार्गासनीत नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्या महिला शिपायानं तसं लगेच ठाण्याला कळवलं.

तरुण भोरचाच होता. मी त्याला दरडावलं नाही, चहा दिला. माणूस घाबरला की खोटं बोलतो, थकला की खरं.

"म्या तिकडं टेलिफोनच्याच कामावर होतो, साहेब. आधी एकाच कंपनीचा मक्ता होता. सरकारनं तो मोडला, नवे धंदेवाले आले. त्यातल्या एका कार्डवाल्यानं मला हे बसवून दिलं. मजूर तिकडं त्याचं स्वस्त कार्ड घेत्यात, बोलणं इंटरनेटवरनं हितं येतं, हितनं लोकल फोन लागतो. म्हणून नंबर हितला दिसतो."

"परदेशी फोन असे वळवायला परवाना लागतो. आहे?"

"शेठ म्हणला, आता बाजार खुला झालाय. मला वाटलं, हितंबी झाला असंल."

कार्डांचा पैसा तिकडेच गोळा होत होता, म्हणून वरिष्ठांमार्फत तिथल्या वित्तीय देखरेख खात्याकडे विचारणा केली. उत्तर येईपर्यंत कार्डवाला गाशा गुंडाळून गेला होता. बाजार उघडला होता, पहारा अजून बसायचा होता. कोर्टात भोरचा पोरगा एकटाच उभा राहिला.

मी स्वतः मार्गासनीला गेलो आणि चार माणसांदेखत सांगितलं, "यांचा माणूस तिकडंच आहे. त्याचा काही दोष नाही."

बाई रडत म्हणाली, "पर म्या पोलिसांत गेले, हे त्यांच्या कानावर गेलं तर?"

ते आधीच गेलं होतं. गावचाच एक जण तिकडे तिच्या नवऱ्यासोबत कामाला होता. पुढचा फोन आला तो वडिलांसाठी. बायकोला रिसीव्हर द्यायचा नाही, असं त्यानं बजावलं. वर्षभरात ती माहेरी, पासलीला गेली.

गुन्हा उघडकीला आला, माझी पाठ थोपटली गेली. पण त्या बाईच्या तक्रारीचा निकाल माझ्या हातात कधीच नव्हता. कुणी निर्दोष आहे हे पोलीस सांगू शकतो, दुखावलेल्या माणसाला परत आणू शकत नाही.

बदली होण्याआधी वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर ते सासरे भेटले. मुलगा दोनदा येऊन गेला, पण बायकोला आणायला गेला नाही, म्हणाले.

"मग तुम्ही कुठं निघालात?"

"पासलीला. सून हाय माझी. त्यानं तिला माफ केलं न्हाई, साहेब. अन् म्या त्याला."

गाडी लागली. म्हातारा दांडी धरून चढला, खिडकीशी बसला आणि मला हात केला.