चंगा

"ऑस्टिओमायलायटिस," डॉक्टरसाहेब म्हणाले. म्हणजे हाडात पू होणे. "मास्टरजी, अजून एकदा प्लास्टर फोडलंत, तर हा उजवा हात कापावाच लागेल."

मी डाव्या हाताने औषधाचा ट्रे भिंतीवर भिरकावला. इंदूरच्या एका शाळेत मी ड्रिल मास्टर होतो. नवा मध्य प्रदेश होऊन थोडेच दिवस झाले होते, पण आमच्या घरी अजून होळकरांच्या फौजेतच असल्याचा ताठा होता.

दसऱ्याला शस्त्रपूजेत आजोबांची तलवार कोणी पुजायची, यावरून धाकट्या भावाशी, वसंताशी, जुंपली. त्याने लाठी घातली. हाड मोडून कातडीबाहेर आलं.

पहिलं प्लास्टर मी भेटायला आलेल्या वसंताच्या मेहुण्याच्या टाळक्यात हाणून फोडलं. दुसरं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं, कारण कोणीतरी वसंताचं नाव काढलं. मग ताप चढला आणि जखमेला घाण वास यायला लागला.

हॉस्पिटल मिशनचं होतं. खाटेसमोर हिंदीत पाटी, बायबलातला प्रश्न: क्या तू चंगा होना चाहता है? मी आपला मराठी डोक्याने वाचला, चांगला व्हायचंय का. माझं टाळकंच सटकलं. हाड माझं मोडलं, वाईटही मीच? आणि तो हरामखोर घरी श्रीखंड हाणतोय! पाटी उपटून फेकली.

नर्स रूथ सिस्टरनी ती उचलली आणि त्या हसल्या. "अरे मास्टरजी, चंगा मतलब तबियत से ठीक! तुम्ही मराठी लोक पण ना!"

जखम धुता धुता त्यांनी गोष्ट सांगितली. एक तळं होतं, पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा व्हायचा. तिथे अडतीस वर्षांचा आजारी माणूस काठावर पडून होता. येशूने विचारलं, बरं व्हायचंय का?

"हो म्हणाला असेल, दुसरं काय!"

"नाही. गाऱ्हाणंच सांगत बसला. मला कोणी पाण्यात नेत नाही, दुसराच पुढे घुसतो."

"येडा होता का?"

"सकाळी डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय. तुम्ही काय सांगितलंत?"

वसंताने लाठी घातली, हेच सांगितलं होतं. रोज तेच सांगत होतो.

"आणि हात कशाला पाहिजे?"

"त्याची मान मोडायला!"

सिस्टर पू पुसत राहिल्या. "तो फिर चंगा कौन होगा?"

दिवसभर छताकडे बघत पडलो. माझं चुकीचं वाचणं इतकं काही चुकीचं नव्हतं. संध्याकाळी बायको आली, तेव्हा जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते बोललो. "सुमन, तो तलवारीला कुंकू लावत वाकला होता. पहिली लाथ मी मारली, मागून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते."

मला रडूच कोसळलं.

त्यानंतर पेनिसिलिनच्या सुया, मेलेलं हाड काढायचं एक ऑपरेशन, आणि तिसरं प्लास्टर. ते मी शाबूत ठेवलं. हाडाचं दुखणं ज्यांना असेल त्यांना एवढंच सांगतो, डॉक्टर जे विचारतात त्याचंच उत्तर द्या.

हात वाचला. घरी न्यायला वसंताच आला. त्याला बघून आत भडका उडालाच, खोटं कशाला बोलू? हात आपोआप उचलला गेला. पण बोटं अर्ध्यावरच अडली. उजव्या हाताची मूठ आता वळत नाही, देवाची कृपा.