फाटकावरचा फोटो

ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या कॉलेजातली गोरी ब्रॉनी तिथं शिकवणाऱ्या आदिवासी बायकांकडे टोपल्या विणायला शिकायची. पहिल्याच वर्षी तिनं एका मेलेल्या माणसाचं नाव घेतलं आणि शिकवणाऱ्या मावशीची लेक लोर्ना तडक उठून गेली. त्यांच्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, हे ब्रॉनीला तेव्हा कळलं.

यंदा मावशीच गेली, आणि कॉलेजनं तिचाच फोटो फाटकावर लावला. ब्रॉनीनं शिडी लावून त्यावर कागद चिकटवायला घेतला.

“उतर खाली. आम्ही तिचा सन्मान करतोय,” प्राचार्य म्हणाले.

“तिच्या लेकीला विचारलंत?”

“कुणाचा चेहरा झाकलास, ते नावानिशी लिहून दे.”

“नाव घेणार नाही. हवं तर मला काढा कॉलेजातून.”

लोर्ना गर्दीतून पुढं आली आणि तिनं शिडी धरली. “डावा कोपरा सुटलाय,” ती म्हणाली.