वाघर लावल्याशिवाय जेवण नाही

विश्रामबागेतल्या एका वृद्धाश्रमात मी काम करते. मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मला पंधरा दिवस खंडाळ्याला जायचं होतं. तिची सासू अंथरुणावर, घरात दुसरी बाई नाही. अर्ज पुढं केला की व्यवस्थापक म्हणायचे, "तुम्ही नसलात की बाबा जेवत नाहीत."

बाबा म्हणजे आटपाडीकडचे म्हातारे मेंढपाळ. आता काही आठवत नाही म्हणून मुलानं आणून ठेवलेले. संध्याकाळी ताट आलं की विचारायचे, "वाघर लावली का?" कामावरच्या बायका सांगायच्या, "आवं बाबा, हितं कुठली मेंढरं?" ते ताट सरकवायचे. मी त्यांच्या मुलाला फोन केला. त्यानं सांगितलं, वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. ती लागल्याशिवाय बाबांनी कधी घास घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "व्हय, लावली. सगळी आत हायत." म्हातारा मुकाट्यानं जेवला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मलाच जमतं, याचं बरं वाटत होतं. चूक तिथंच झाली. मग सुट्टीच्या दिवशीही फोन यायला लागले. मी तापातसुद्धा कामावर येऊन बसले. मध्ये व्यवस्थापकांनी आमचा ताण घालवायला शिबिर ठेवलं, तेही सुट्टीच्या दिवशी. डोळे मिटून श्वास घ्या म्हणाले. मी घड्याळ बघत होते.

मुलीचे दिवस भरत आले, तेव्हा सोबतच्या बाईला सगळं सांगितलं. ती कऱ्हाडची, माझ्याच वयाची. म्हणाली, "एवढंच व्हय? आन् आमाला इतकं दिस येडं केलंस!"

संध्याकाळी ती ताट घेऊन गेली. मी दाराआड.

"वाघर लावली, बाबा."

बाबांनी तिला खालवर बघितलं. "तू? तुला येती का लावाय?"

संपलं, असं मला वाटलं. तिनं ताट खाली ठेवलं आणि कपडे वाळत घालायची दोरी आणली. "न्हाई येत. तुमीच दावा."

बाबा उठले. खाटेच्या पायांना, खुर्चीला दोरी बांधत तिला झापत राहिले, "आगं ताण की! लय ढिली हाय." मग हात धुऊन सगळं ताट संपवलं. माझ्या नुसत्या 'लावली'वर ते एवढं कधी जेवले नव्हते.

व्यवस्थापक खूश. अर्जावर सही करता करता तिला म्हणाले, "आता संध्याकाळची पाळी कायम तुमची."

ती माझ्याकडं वळली. "म्हंजे तू सुटलीस आन् मी अडकले?"

मी अर्ज उचलला नाही. म्हटलं, "बाकीच्या तिघींना शिकवते, मग जाते."

"चार दिवस जातील त्यात," व्यवस्थापक म्हणाले.

पाच गेले. खंडाळ्याला पोचले तेव्हा नात दोन दिवसांची होती. मुलगी म्हणाली, "आलीस? पाणी तापव." मी पदर खोचला.