बिनगोळीची तपासणी

आता हसू येतंय, पण धम्मानंदला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, गडी पिऊन आलाय. लोह्यात लग्न होतं. तिकडं नवरा-नवरीचे फोटो चालू, अन् हा लातूरचा पाहुणा प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून झोपलेला. मांडीवर ताटली, जिलेबीचा पाक पँटीवर. "ट्रकचा ड्रायव्हर हाय, दुसरं काय असणार," बायाबायांत कुजबुज. अन् ह्या बाबानं आयुष्यात बाटलीला हात लावलेला नाही. सुपारीचं खांड खाल्लं तरी घाम फुटतो त्याला.

ती झापड गोळीची होती. लातूर-हैदराबाद डाळीच्या फेऱ्या मारून कमरेची नस दबली, डॉक्टरनं गोळी लिहून दिली. डॉक्टरनं धंदा विचारला नाही, यानं सांगितला नाही. पायातली कळ गेली, अन् कळेसंगं बाकीचंही गेलं. बायको महामाया भांडली तर ऐकू यायचं, लागायचं नाही. पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तर म्हणाला, "बरं झालं," अन् पंख्याकडं बघत बसला.

"खांबाला पेढा चारला असता तर खांब तरी हलला असता," महामाया म्हणाली.

मग लायसन नवं करायची वेळ आली. ट्रकच्या लायसनला डॉक्टरची सही लागते, माणूस गाडी चालवायला धड हाय म्हणून. सही नाही तर ट्रक नाही, अन् ट्रकशिवाय धम्मानंदला दुसरं काही येत नाही. त्यानं डोकं चालवलं. रक्त तपासायला उपाशी जातात ना, तसं इथंही कोरं जावं. कुणाला न विचारता हप्ताभर आधीच गोळ्या बंद.

"गोळी का घेईनात?" महामायानं विचारलं.

"उपास हाय."

"कशाचा?"

"मेडिकलचा."

तपासणीला गेला तेव्हा शर्ट घामानं चिंब, डोळे लाल, हात थरथरत होते. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली अन् विचारलं, "काय बंद केलंत?"

"काही न्हाई मॅडम. बिनगोळीचा आलोय, तपासायला सोपं जावं म्हणून."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, अन् गोळीनं झापड येत असेल तर ट्रकही चालवायचा नसतो. आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरला खरं काम सांगा, औषध नीट बसू द्या, मग या. सही केली नाही.

धम्मानंद बाहेर बाकड्यावर बसला. रडू येईल म्हणून थोडी वाट पाहिली. आलं नाही.

ट्रकमालक अमृतरावचा फोन आला. "अरे, एवढ्यासाठी काय बसतोस? माझ्या ओळखीचा डॉक्टर हाय. बसल्या जागी सही देतो."

"नको मालक."

"का रं? पोटापाण्याचं बघ की."

"मागच्या खेपेला टोलनाका कधी मागं गेला, मला ठावं न्हाई. डोळे उघडे होते माझे."

मग अमृतराव म्हणाला, "बरं. तवर गोदामात काट्यावर बस. गाड्यांचं वजन कर."

गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरनं सगळं ऐकून गोळी परत चालू केली, बेतानं कमी करू म्हणाला, अन् तोवर दुचाकीसुद्धा बंद. म्हणून आता महामाया स्कूटीवर त्याला गोदामात सोडते. हायवेच्या गर्दीतून ट्रक काढणारा गडी, बायकोच्या मागं डबा मांडीवर घेऊन बसतो. लोक बघतात. त्याला त्याचंही काही वाटत नाही.

परवा मात्र चौक ओलांडल्यावर बोलला.

"आरसा नीट कर."

"नीटच हाय."

"तुझ्या तोंडाकडं हाय तो."

"गप बसा हो. मला सगळं दिसून राहिलंय."

"मग सांग, मागं काय हाय?"

"काही न्हाई. रस्ता मोकळा हाय."

मागून उसाच्या ट्रॅक्टरनं भोंगा दिला. महामायानं स्कूटी कडेला दाबली. ट्रॅक्टर गेला, दोन्ही ट्रॉल्या गेल्या. तिनं हात लांबवून आरसा फिरवला.

"अजून थोडा भाईर," धम्मानंद म्हणाला.

तिनं थोडा बाहेर केला.