रिकाम्या कॅनचं वजन

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण पुस्तक मिटलं की त्या तिथेच राहतात. विश्वास कधी नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी हे लिहिते आहे... सावकाश, कारण त्यात माझा दादा आहे.

शेलूबाजारपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षी दादा आमच्याच शेततळ्यात बुडून गेला. त्याला उत्तम पोहता येत होतं. पण शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. माणूस काठापर्यंत पोहत येतो आणि तिथून घसरतो... भर दुपारी आसपास कुणी नव्हतं. शेवाळात त्याच्या बोटांचे ओरखडे होते – एका जागी नाही, चारही बाजूंना. तो किती वेळ हाका मारत असेल, या विचाराने मला वर्षभर झोप नव्हती.

म्हणून शाळेत जलसुरक्षेचे तास सुरू झाले तेव्हा मी मुख्याध्यापकांना म्हटलं, प्रात्यक्षिक आमच्या तळ्यावरच घेऊ.

शनिवार होता, सकाळची शाळा. चौथीची अकरा मुलं. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, हा पहिला नियम. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन दोराला बांधून फेकायचा आणि सगळ्यांनी बांधावर बसून, टाचा रोवून ओढायचं. दोनदा कॅन उड्या मारत आला. तिसऱ्यांदा फेकला आणि दोर ताणला गेला.

"मॅडम, लय जड लागून राह्यलं," पुढचा गौरव म्हणाला.

"नाटकं करून राह्यला हा. जेवून नाही आला काय रे?" मागून सलोनी म्हणाली. मग तिच्या हातातला दोरही ताठ झाला आणि तिने टाचा रोवल्या.

मी दोर धरला. वजन माणसाचं होतं. अडकलेल्या वस्तूचा हिसका नव्हता तो. आम्ही ओढलं की तिकडूनही कुणीतरी पाय रोवून चढत होतं. स्वच्छ ऊन होतं. कॅनजवळ कुणी नव्हतं, पण रिकामा कॅन झाकणापर्यंत पाण्यात दबला होता.

"सोडू नका," मी म्हणाले.

मुलं घाबरली नाहीत. शिकवलं तसं एका तालात ओढत राहिली. कॅन कागदावरून वर सरकू लागला आणि त्याच्यामागे कागद माणसाच्या रुंदीएवढा ओला होत आला. बांधावर पोचताच दोर सैल पडला. आम्ही सगळे मागे कलंडलो. कुणी हसलं नाही. लांब रस्त्यावरून एक जीप गेली, तिचा आवाज स्पष्ट आला.

सलोनी उठली. पाण्यातून काढलेल्या माणसाला लगेच पांघरायचं, हेही मी शिकवलं होतं. तिने कोरडा टॉवेल घेतला आणि कॅनशेजारच्या मातीवर हळूच पसरला. बाकीची मुलं न सांगता सरकली, जागा करून.

नंतर मी तोच कॅन दहा वेळा फेकून पाहिला. एका हाताने येत होता. आत पाण्याचा थेंब नव्हता. "शेवाळात गुंतला असन, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. उन्हाळ्यात तळं आटल्यावर मी सगळा तळ पायी फिरले. कॅन गुंतेल असं तिथे काहीच नव्हतं.

त्या दिवशी शाळेकडे परतताना सलोनीने माझा हात धरला.

"मॅडम, थे निघाले ना?"

"निघाले," मी म्हणाले.

ती थोडं चालली. मग म्हणाली, "लय थकले होते थे."