रक्तातली जुनी खूण

नोव्हेंबरची एकवीस तारीख, शुक्रवार. रामदासपेठेतल्या लॅबच्या काउंटरवर मी चार हजार आठशे रुपये भरले. हजर होतो मी, बायको आणि पावती देणारी मुलगी. डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत बायकोच्या रक्तात हिपॅटायटिस सीच्या अँटीबॉडी निघाल्या होत्या. आता खुद्द विषाणू आहे का, ते पाहायचं होतं. रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. लागण झाल्यावर काही आठवड्यांनी अँटीबॉडी तयार होतात. आजार मुरला तरी त्या असतात, आणि शरीराने विषाणू स्वतःच हुसकून लावला तरी वर्षानुवर्षं राहतात. नुसत्या त्यांच्यावरून काही ठरत नाही. शिवाय हा आजार रक्तातून पसरतो, ताटावाटीतून किंवा हात लावल्याने नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आणि घरी येऊन बायकोच्या पेल्याला नेलपॉलिशचा ठिपका लावला. तिने पाहिलं.

रविवारी आमची मुलगी पाच दिवसांच्या बाळाला घेऊन घरी आली. बायकोने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि मागे सरली.

"आई, घे ना वं त्याले!"

"मी नाही हात लावत. तुह्या बाबांनी मालिशवाली सांगितली आहे."

"डॉक्टर काही होत नाही म्हणते ना? मंग काहून?"

"डॉक्टरचा नातू नाही तो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला ठिपका आठवला. मी स्वयंपाकघरात जाऊन तो खरवडला आणि त्याच पेल्याने पाणी प्यायलो. बायको तरी दूरच बसली.

मंगळवारच्या रिपोर्टात विषाणू सापडला नाही. "मुलीच्या जन्माच्या वेळी यांना रक्त चढवलं होतं, बहुतेक तेव्हा येऊन गेला असेल," डॉक्टर म्हणाले. "अँटीबॉडी पुढेही दिसतील. घाबरू नका."

घरी आल्याबरोबर बायकोने हात धुतले, पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "आण इकडे."

बुधवारी मालिशवाली आली तर बाळ तेलाने माखून आजीच्या पायांवर पसरलेलं.

"आजी लेकराले सोडूनच नाही राहिली, भाऊ. मले काहून बोलावलं मंग?"

पंधरा दिवसांचे तीन हजार ठरले होते, मालिश झाली होती दोन दिवस. बायकोने मान वर न करता सांगितलं, "पूर्ण द्या." मालिशवालीला तीन हजार दिले.